बांधावरचा आवाज

राणीसावरगावात गोपीचंदचा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि बैल तर नव्हताच. तीन शेतांपलीकडून त्याची हाळी आली की लोक म्हणत, "गोपीचंदनं औत वळवलं बरं का, आता भाकरीला बसंल." स्वतःची तीन एकर जमीन, एक बैलजोडी, आणि त्याशिवाय आणखी एक काम त्याच्याकडे आपणहून चालत येई. गावातले आणि आसपासच्या वाड्यांवरचे लोक आपले नवे गोऱ्हे वळण लावायला त्याच्याकडे आणून सोडत. काठी न उगारता आठ-दहा दिवसांत तो गोऱ्ह्याला औताच्या तासात, म्हणजे दोन ओळींमधल्या पट्ट्यात, सरळ चालायला शिकवी.

पोळा जवळ आला की त्याच्या गोठ्यातून डब्याचा खणखणाट सुरू होई. पहिल्या पोळ्याला वाजंत्रीपुढून जाताना गोऱ्हा बुजू नये, म्हणून आधी पंधरा-वीस दिवस चाऱ्याच्या वेळी त्याच्याजवळ तेलाचा रिकामा डबा वाजवायचा, ही गोपीचंदची रीत होती. येणारेजाणारे हसत. पण पोळ्याच्या दिवशी वेशीत हलगी कडाडली की दुसऱ्यांची जनावरं दावं तोडायला बघत आणि गोपीचंदच्या हाताखालून गेलेला गोऱ्हा कान हलवत, रवंथ करत उभा असे.

असा हा जाणता माणूस लेकीच्या बाबतीत मात्र चुकला. मायेपोटी चुकला, म्हणून ती चूक त्याला लवकर दिसली नाही.

लेकीचं नाव शिवकन्या. आठवीत होती, अंगानं काटक, पायानं चपळ. गावच्या शाळेत धम्मशीला मॅडम नावाच्या खेळाच्या बाई होत्या. त्यांनी दोन वर्षं खपून मुलींचा खो-खोचा संघ उभा केला होता. पोळ्याला तीन आठवडे असताना तालुक्याचे सामने गंगाखेडला झाले. त्या दिवशी गोपीचंदने औत बाजूला ठेवलं, धुतलेला सदरा घातला आणि पोरींच्याच एसटीत मागच्या बाकावर जाऊन बसला. निघताना धुरपदाने, त्याच्या बायकोने, धपाटे बांधून दिले आणि बजावलं, "पोरीला उगं बेजार करू नका."

"मी काय करायलोय तिला? निस्ता बघतो," तो म्हणाला.

आणि खरंच त्याला तसंच वाटत होतं.

अंतिम सामन्यात शिवकन्या आठ जणींच्या ओळीत मधल्या पाटीवर बसली होती. खो-खोत बसलेल्या मुलीचं तोंड एका बाजूला आणि पाठलाग करणारी तिच्या पाठीमागून पळत येणार. मागचं तिला काही दिसत नाही. पाठीवर हात पडायचा, कानावर 'खो' पडायचा, दोन्ही मिळाल्यावरच उठायचं. त्याआधी उठली तर फाऊल. मग पाठलाग करणारीला तोंड फिरवून उलट दिशेला जावं लागतं आणि तेवढ्यात पळणारी सुखरूप निसटते.

गोपीचंद चुन्याच्या रेघेबाहेर उभा होता आणि बाहेरून त्याला सगळं दिसत होतं. समोरच्या संघाची एक उंच मुलगी शिवकन्येच्या पुढ्यातून चालली होती. मागून सुकेशनी, संघाची कप्तान, धावत येत होती. ती अजून हातभर लांब होती. गोपीचंदला राहवलं नाही.

"शिवे, ऊठ! ऊठ की! तुझ्या म्होरून चालली ती!"

आवाज मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला. आणि शिवकन्या उठली.

शिट्टी वाजली. फाऊल. सुकेशनीने कपाळावर हात मारला आणि उलटी पळाली. उंच मुलगी हसत खांबाकडे गेली.

थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला मॅडमनी शिवकन्येकडे पाहिलंच नाही. त्यांनी वळून रेघेबाहेर पाहिलं. डाव संपला तेव्हा त्यांनी शिवकन्येला बाहेर बसवलं आणि दुसरी मुलगी घेतली. संघ एका गुणाने जिंकला आणि परभणीच्या जिल्हा सामन्यांना पात्र ठरला. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचल्या. शिवकन्याही टाळ्या वाजवत होती, पण बसल्या जागेवरूनच.

परतीच्या एसटीत गोपीचंद तिच्याशेजारी जाऊन बसला. त्याला राग आलेला नव्हता. चूक ताजी असतानाच समजावली तर पोर ती विसरत नाही, असा त्याचा समज होता. म्हणून गाडी सुटल्यापासून तो समजावत राहिला.

"पहिल्यांदा तू घाई केलीस. ते जाऊ दे. पर दुसऱ्यांदा तरी थांबायचं होतं. आन त्या आखूड केसाच्या पोरीमागं तू डावीकडून कामून गेलीस? उजवीकडून गेली असतीस तर आपसूक हाती लागली असती. मी वरडून सांगायलो, तुझं ध्यानच न्हाई."

शिवकन्या खिडकीबाहेर बघत होती. उसाचे फड मागे जात होते. धपाट्यांची पुरचुंडी तिने सोडलीच नाही.

संध्याकाळी गोपीचंद बैलांना वैरण टाकत होता. गोठ्याला आणि स्वयंपाकघराला भिंत एकच, त्यामुळे आतलं बोलणं त्याला ऐकू आलं.

"माय, परभणीला आबाला येऊ देऊ नको."

"असं गं कामून म्हणतीस? पोटात माया हाय म्हणून येतेत ना."

"आबा 'ऊठ' म्हणले की मपले पाय मला न विचारता उठतेत. सकाळी अंथरुणातून उठते तसे. कळतंय मला की सुकेशनीचा हात अजून लागला न्हाई, तरी उठते." एक भांडं आपटलं. मग तिचा आवाज भरून आला. "जिल्ह्याला बारा जणी न्यायच्या हायत, पर खेळणार नऊच. पोळ्याच्या आदी मॅडम नावं सांगणार. बाराव्या नंबरची म्हणून पाण्याच्या बाटल्या धरून बसायचं हाय का मी?"

गोपीचंदच्या हातातली पेंढी तशीच राहिली. बैलाने मान लांब करून ती ओढून घेतली.

जेवताना धुरपदाने त्याच्या ताटात भाकरी टाकली आणि काही घडलंच नसल्यासारखी म्हणाली, "कोळपताना बैलाच्या तोंडाला मुसकं बांधता ना, पीक खाऊ न्हाई म्हणून?"

"व्हय. मग?"

"एखादं जास्तीचं असंल तर इकडं द्या. तुमच्या मापाचं करून ठेवते."

शिवकन्या ताटावर वाकली. ती हसत होती की रडत होती हे गोपीचंदला कळलं नाही. त्याने भाकरी चुरली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. मनात थोडी तक्रारच होती. धम्मशीला मॅडम मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेघा मारत होत्या. त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, पोरीला बाहेर बसवलंत. तिच्या जिवाला लागलं."

"माझ्याही जिवाला लागलं," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे तिच्याइतकी चपळ मुलगी दुसरी नाही. पण गोपीचंदभाऊ, एक सांगा. बसलेल्या मुलीला मागचं दिसतं का?"

"न्हाई."

"मग तिला कळतं कशावरून?"

"कानावरून. पाठीवरून."

"तोच कान तुम्ही भरून टाकता. सुकेशनीचं पाऊल, तिचा श्वास, तिचा आवाज, हे तिला ऐकायचं असतं. तुम्ही बोललात की त्यातलं काहीच ऐकू येत नाही. ती तुमची आज्ञाधारक लेक आहे, तुम्ही म्हणाल तशी उठते."

"मी चांगल्यासाठीच सांगायलो होतो मॅडम. वैऱ्यासारखं थोडंच?"

"ते मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर ती तुम्हाला तोंडावर काही बोलत नाही." आणि पुन्हा वाकून रेघ ओढू लागल्या.

गोपीचंद घरी आला. ऐकून घेतलं होतं, पटलं मात्र नव्हतं. इतकी माणसं मैदानाभोवती ओरडतात, बापानेच काय गप्प बसायचं? बापाने पाठीशी उभं राहायचं म्हणजे काय तोंड शिवून उभं राहायचं? दोन दिवस हे त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

तिसऱ्या दिवशी नागेशचा गोऱ्हा कोळपणीला जुंपायचा होता. नागेश गावातलाच तरणा शेतकरी. पाखऱ्या नावाचा हा पांढराशुभ्र गोऱ्हा त्याने वासरापासून वाढवला होता आणि त्याच्यावर त्याचा भारी जीव. गोपीचंदने पाखऱ्याला आपल्या थोरल्या, शांत बैलाच्या जोडीला जुंपलं. मुसकं बांधलं. सोयाबीनच्या दोन ओळींमधून तण काढत कोळपं निघालं. पहिल्या ओळीचा तास बरा गेला. दुसऱ्या तासाला पाखऱ्या जरा अडखळला, आणि बांधावर उभ्या असलेल्या नागेशला राहवलं नाही.

"पाखऱ्या! अरे सरळ! इकडं बघ, इकडं! चल बेटा, हां, वढ!"

पाखऱ्याने कान टवकारले, मान वळवली आणि मालकाच्या दिशेने सरळ निघाला. जू तिरपं झालं, थोरला बैल ओढला गेला आणि कोळप्याची फास, खालचं लोखंडी पातं, ओळीवरून फिरली. ओळीतलं हातभर सोयाबीन मुळासकट बाहेर आलं.

"हो, हो, हो," करत गोपीचंदने जोडी थांबवली. आधी पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवला, मग बांधाकडे वळला.

"नागेश, तू घरी जा बरं."

"का भाऊ? मी त्याला धीर द्यायलो होतो."

"धीर न्हाई, घोर लावायलास. हे जनावर तुझ्या आवाजाचं हाय. चारा तू टाकलास, पाणी तू पाजलंस. तू बोललास की ते सगळं सोडून तुझंच ऐकणार. ते बिचारं इमानदार हाय, त्याची काय चूक? पर तू बांधावर, आन तास त्याच्या पायाखाली. तुला बांधावरून तास दिसतो का? कासरा मपल्या हातात हाय. एका जनावराला दोघांनी हाकलं की ते पीकच तुडवतंय."

नागेश ओशाळला. "मग मी करू काय, भाऊ? हात बांधून बसू?"

"बस की! औत सुटलं की ये. पाणी पाज, पाठीवर हात फिरव. सोयाबीन मोडलं का न्हाई ते त्याला इचारू नको. तुझं काम तेवढंच, आन ते काय कमी हाय का? ते—"

बोलता बोलता गोपीचंदची नजर नागेशच्या मागे गेली. बांधावर शिवकन्या चहाची किटली घेऊन उभी होती. केव्हा आली होती कोण जाणे. ती पाखऱ्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. नजरानजर झाली तशी तिने मान खाली घातली, किटली बांधावर ठेवली, वर पेला पालथा घातला आणि शाळेकडे निघून गेली.

गोपीचंद पुढचं वाक्य विसरला. त्याने कासरा उचलला, जोडी हाकली, आणि त्या तासाच्या शेवटी जिथे वळायचं तिथे न वळता चांगली दहा पावलं शेजारच्या कापसात शिरला. नागेश बांधावरून बघत होता, पण आता त्याची ओरडायची हिंमत नव्हती.

त्या संध्याकाळी गोठ्यात पाखऱ्यापुढे डबा वाजवता वाजवता गोपीचंद मध्येच थांबला. डब्याकडे बघत बसला. मग उठून अंगणात आला. शिवकन्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"शिवे, एक इचारू का? पटलं तर व्हय म्हण, न्हाई पटलं तर न्हाई म्हण. मला राग न्हाई यायचा."

तिने वहीतून डोळे वर केले.

"परभणीला मी ऱ्हाईन गप. पर तिथं मी एकटाच थोडा हाय? दुनिया वरडायलेली असती. कुणाच्या ना कुणाच्या आवाजानं तुझे पाय उठतील. म्हणून म्हणलं, तुमच्या सरावाला मी येतो. डबा घेऊन. तुमी खेळा, मी रेघेबाहेरून डबा बडवतो आन 'ऊठ' म्हणून वरडतो. तू उठायचं न्हाई. पाठीवर हात पडंस्तोवर तुझा बाप वरडून वरडून मेला तरी उठायचं न्हाई."

शिवकन्येने वही मिटली. मग तिच्या ओठांची कड हलली. "आबा, मी काय नागेशकाकाचा गोऱ्हा हाय का?"

"न्हाई माय. गोऱ्हा आठ-दहा दिवसांत शिकतो. तुझं काय सांगावं!"

ती खुदकन हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग गंभीर होऊन तिने विचारलं, "आन परभणीला?"

"तू ये म्हणशील तर येईन. न्हाई म्हणशील तर इथं वखर हाकीन. ते तू ठरव. आता न्हाई, जवा वाटंल तवा."

मॅडमना ही कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी फक्कीने माखलेला हात कमरेवर ठेवला आणि त्या खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "या उद्यापासून. डबा मोठा आणा."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मैदानावर तमाशा सुरू झाला. पोरी ओळीत बसल्या, सुकेशनी पाठलागाला निघाली, आणि रेघेबाहेर गोपीचंद तेलाचा डबा बडवत ओरडू लागला, "ऊठ! शिवे, ऊठ! गेली ती, गेली! ऊठ म्हणतो ना!" रस्त्यावरून जाणारे थांबले. एक म्हातारी मॅडमला म्हणाली, "ह्या बाबाला काय झालं ओ?"

पहिल्या दिवशी शिवकन्या पाचदा उठली. दर खेपेला सगळ्या पोरी हसल्या आणि तीही हसली. घरी जाताना गोपीचंद त्यावर एक अक्षर बोलला नाही. जड गेलं त्याला. सांगायच्या चार गोष्टी जिभेच्या टोकावर आल्या होत्या. त्याऐवजी तो म्हणाला, "भूक लागली का?" आणि ती म्हणाली, "लय!"

दुसऱ्या दिवशी चारदा. तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी गोपीचंदने आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. डबा खाली ठेवला आणि अगदी सकाळी हाक मारतो तशा साध्या, घरच्या आवाजात म्हणाला, "शिवे, ऊठ गं माय, पाच वाजले." बिचारी ताडकन उठली. सुकेशनी हसून हसून तिथेच मातीत बसली आणि म्हणाली, "काका, ही तर चीटिंग हाय!"

सहाव्या दिवशी मात्र शिवकन्या उठली नाही.

तो ओरडला, डबा बडवला, घरच्या आवाजात बोलला, लाडाने बोलला, दरडावून बोलला. ती गुडघ्यांवर हात टेकून, मान जरा कलती करून बसली होती. पापणीसुद्धा हलत नव्हती. तिचा कान दुसरीकडे कुठेतरी लागलेला होता, मागून येणाऱ्या पावलांकडे. मग सुकेशनीचा हात तिच्या पाठीवर पडला, "खो!" आणि ती सुटली ती थेट खांबाशी, समोरची मुलगी वळायच्या आत.

"झालं!" मॅडम ओरडल्या. पोरींनी टाळ्या पिटल्या.

गोपीचंदने डबा पालथा घातला आणि त्याच्यावर बसला. तेरा वर्षं ज्या हाकेला पोर धावत येत होती, ती हाक आज तिच्या कानावरून नुसती वाऱ्यासारखी गेली होती. त्यानेच मागितलं होतं, त्यानेच शिकवलं होतं. तरी त्याला हातातून काही सुटल्यासारखं वाटलं. मग त्याला एवढ्या वर्षांचं आठवलं. लोकांचे गोऱ्हे शिकवून झाले की दावं मालकाच्या हातात देताना दर खेपेला असंच होत असे. तो उठला, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि डबा काखेत मारून घराकडे निघाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी नऊ नावं वाचली. शिवकन्येचं आठवं होतं. ती धावत घरी आली. मायला मिठी मारली आणि मग बापापुढे उभी राहून मूठ उघडली. मुठीत लिमलेटच्या पाच-सहा गोळ्या होत्या.

"आबा, परभणीला यायचं. पर वरडावं वाटलं की एक गोळी तोंडात टाकायची."

"बघा," धुरपदा म्हणाली, "मुसक्यापरीस हे बरं."

परभणीचं मैदान मोठं होतं आणि गर्दीही मोठी. गोपीचंद रेघेपासून चार पावलं मागे, एका कडुलिंबाच्या झाडाला टेकून बसला. पहिले दोन सामने पोरींनी जिंकले. अंतिम सामना शहरातल्या एका शाळेशी होता. पायात चांगले बूट, अंगात एकसारखे कपडे, आणि पाठीशी मोटारसायकलवरून आलेले डझनभर आईबाप. त्यातले एक गृहस्थ तर थेट रेघेवर येऊन उभे राहिले होते. "अनू, लेफ्ट! लेफ्ट गं! काय करतेस? मूर्ख आहेस का?" त्यांची मुलगी पळता पळता दर वेळी मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. गोपीचंदला त्या मुलीची दया आली. मग त्या गृहस्थाचीही आली. त्याने एक गोळी काढून तोंडात टाकली.

शेवटच्या डावात बरोबरी साधायलाच दोन गुण हवे होते आणि वेळ थोडाच उरला होता. मैदानाभोवती नुसता गलका. "ऊठ, ऊठ!" असं कुणीतरी ओरडत होतं, आपल्या बाजूचं की त्यांच्या, कळत नव्हतं. शिवकन्या मधल्या पाटीवर बसली होती. तिच्या पुढ्यातून एक मुलगी सरकली. गोपीचंदला बाहेरून दिसलं, आत्ता उठली तर हाती लागेल. शब्द ओठांपर्यंत आला. त्याने उरलेल्या सगळ्या गोळ्या एकदम तोंडात कोंबल्या.

शिवकन्या बसून राहिली. मान कलती, हात गुडघ्यांवर. मैदान कोसळलं असतं तरी ती हलली नसती. आणि मग हात पडला. ती उठली, तीन ढांगांत त्या मुलीला गाठलं. एक गुण.

लगेच दुसरी मुलगी आत आली. पुन्हा पाठलाग, पुन्हा शिवकन्येला खो. आता ती खांबाच्या दिशेने पळत होती, पुढची मुलगी हातभर अंतरावर. सूर मारला की मिळाली. पण शिवकन्येने सूर मारला नाही. बाजूला बसलेल्या सुकेशनीला खो दिला. सुकेशनी उठेउठेपर्यंत ती मुलगी खांबाला वळसा घालून गेली, आणि शिट्टी वाजली. एका गुणाने हार.

पोरी रडल्या. मॅडमनी सगळ्यांना जवळ घेतलं. गोपीचंद लांबच उभा राहिला. पाण्याची कळशी भरून आणली, एकेकीला ओंजळीने पाणी दिलं. शिवकन्या पाणी प्यायली, त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि सगळ्या पोरींसोबत दोघं एसटी स्टँडकडे निघाले.

गाडीत तो तिच्याशेजारी बसला. त्याच्या डोक्यात ती शेवटची धाव फिरत होती. हातभर अंतर होतं. कामून खो दिला? सूर मारायला पाहिजे होता. दहा वेळा प्रश्न जिभेवर आला. गोळ्या संपल्या होत्या.

"भूक लागली का?" त्याने विचारलं.

तिने धपाट्यांची पुरचुंडी सोडली. एक खाल्लं, दुसरं खाल्लं. गाडी परभणीबाहेर पडली. दोन्ही बाजूंना कापूस लागला. बराच वेळ गेल्यावर तीच म्हणाली, "आबा, तुमी इचारलं न्हाई मला."

"काय?"

"मी शेवटी खो कामून दिला ते."

"तुला सांगू वाटलं तर सांग."

"सकाळी मैदानावर पाणी मारलं होतं ना? खांबापाशी ओल ऱ्हायली होती. मपला पाय आदीच घसरायला लागला होता. सूर मारला असता तर मधल्या रेघेवर गेले असते, मग फाऊल. सुकेशनी बसली होती तिथं माती कोरडी होती. ती येळेवर उठली असती तर ती पोर बरोबर मिळाली असती. इवलासाच उशीर झाला तिला." तिने हाताने पाय कसा घसरला ते दाखवलं. "पर खो देणंच बरोबर होतं. होतं ना?"

गोपीचंद लिंबाखाली बसला होता. खांबापाशी ओल होती हे त्याला तिथून दिसलंच नव्हतं. "बरोबर होतं," तो म्हणाला. "मला तिथून कळलं न्हाई. आता कळलं."

मग ती जी बोलू लागली ती थांबलीच नाही. पहिल्या सामन्यातली हुलकावणी, सुकेशनीचं पाऊल पाठीमागून कसं ओळखू येतं, शहरातल्या अनूने पाणी पिताना तिला काय विचारलं, पुढच्या वर्षी पायात काय घालायचं. गंगाखेडला गाडी बदलली तरी बोलणं चालूच. गोपीचंद ऐकत होता. खो-खो हा इतका बारीक खेळ आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता तो नेहमीसारखा तिच्या अंथरुणाजवळ आला. "शिवे, ऊठ."

ती हलली नाही.

"ऊठ गं माय, शाळा हाय."

घोरणं तेवढं ऐकू आलं. चुलीजवळून धुरपदा म्हणाली, "आता वरडा दिसभर! तुमीच शिकवलंय ना?"

गोपीचंदने डोकं खाजवलं. मग वाकला आणि पांघरुणावरून तिच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

"खो."

शिवकन्या ताडकन उठून बसली, आणि डोळे उघडायच्या आधीच हसू लागली.